सर्फिंगच्या बड्या कंपन्यांना जाब कोणी आणि कसा विचारायचा?

गोदाकाठ (गंगापूर रोड, नाशिक)

नमस्कार. आमचे नाशिकमध्ये मुलांसाठी एक छोटे साहसी क्रीडा मंडळ आहे. एरवी आम्ही हरिहर, ब्रह्मगिरी अशा गडा-डोंगरांवर जातो. परंतु काही वर्षांपासून दिवाळीच्या सुट्टीत मुलांना कर्नाटकातील मुल्कीच्या किनाऱ्यावर सर्फिंग शिकायला नेतो. यंदा एका जगप्रसिद्ध सर्फिंग ब्रँडच्या वितरकाने टी-शर्ट आणि काही सर्फबोर्ड देऊ केले आहेत. मंडळाच्या प्रत्येक छायाचित्रात त्यांचे बोधचिन्ह दिसले पाहिजे, एवढी त्यांची अट आहे. त्यांनी नमुन्यादाखल पाठवलेल्या पत्रकात मुलगे लाटेवर उभे आहेत आणि मुली वाळूत बसून कॅमेऱ्याकडे पाहत आहेत. आमच्या तुकडीत बोर्डवर सर्वांत आधी तोल सावरून उभ्या राहिल्या त्या दोन मुली होत्या, म्हणून ते पत्रक मनाला फार लागले. सर्फर कसा दिसतो आणि त्याने काय घालावे हे या कंपन्या ठरवत आल्या असतील, तर त्याबद्दल त्यांना उत्तरदायी कसे धरायचे? समुद्रापासून इतक्या दूर राहणाऱ्या आम्हा पालकांना काही करता येईल का?

लाटवेडा (मूळचा नाशिकरोडचा, सध्या मंगळूर)

ताई, प्रथम जाब कोणाला विचारायचा हे पाहावे लागेल, कारण तिथेच मोठी गोम आहे. क्विकसिल्व्हर आणि रिप कर्ल या दोन्ही कंपन्या 1969 मध्ये ऑस्ट्रेलियातील टॉर्की या किनारी गावात, तर बिलाबाँग 1973 मध्ये गोल्ड कोस्टवर सर्फिंग करणाऱ्यांनीच सुरू केली. त्या काळी कपडे शिवणारा आणि ते घालून लाटेवर जाणारा यांची रोज गाठ पडत असे, त्यामुळे तक्रार समोरासमोर होई. पुढे भांडवल आले, शेअर बाजार आला, कर्ज झाले. क्विकसिल्व्हरने 2015 मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. पुढे क्विकसिल्व्हरच्याच समूहाने बिलाबाँगही विकत घेतली, आणि 2023 मध्ये तो सारा समूह ऑथेंटिक ब्रँड्स या कंपनीकडे गेला, जिचा मुख्य व्यवसाय नाममुद्रा (ब्रँड) विकत घेऊन त्यांचे वापर-परवाने देण्याचा आहे. यातील काही नाममुद्रांची अमेरिकेतील दुकाने चालवणारी परवानाधारक कंपनी 2025 च्या फेब्रुवारीत दिवाळखोरीत निघाली, शंभराहून अधिक दुकाने बंद झाली आणि कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या; शर्टावरचे नाव मात्र आजही विकले जात आहे. म्हणून आपल्या वितरकाला पहिला प्रश्न हाच विचारा की हा माल कोणाच्या परवान्याखाली बनला आणि करारावर सही नेमकी कोणाची असणार आहे.

प्रतिमेबद्दल आपण म्हणता ते अगदी रास्त आहे, आणि दबावाने फरक पडतो हेही खरे आहे. 2018 मध्ये दक्षिण आफ्रिकेतील एका कनिष्ठ गटाच्या स्पर्धेत विजेत्या मुलाच्या हातातील धनादेश 8,000 रँडचा आणि विजेत्या मुलीच्या हातातील 4,000 रँडचा होता. ते छायाचित्र जगभर पसरले, संताप उसळला, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये वर्ल्ड सर्फ लीग या व्यावसायिक सर्फिंग स्पर्धा भरवणाऱ्या संस्थेने 2019 पासून आपल्या स्पर्धांत स्त्री-पुरुषांना समान बक्षीस जाहीर केले. एकाच कारणाने हे घडले असे मी म्हणणार नाही. खेळाडू स्त्रिया त्याआधी कित्येक वर्षे ही मागणी करत होत्या.

रसायन_सातपूर

मी रबर उद्योगात काम करतो, म्हणून केवळ मालाविषयी लिहितो. वेटसूट (थंड पाण्यात ऊब देणारे अंगाबरोबरचे पोशाख) प्रामुख्याने निओप्रीन या कृत्रिम रबराचे असतात आणि निओप्रीन क्लोरोप्रीन या रसायनापासून बनते, ज्याला अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने 2010 मध्ये संभाव्य कर्करोगकारक ठरवले. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात लाप्लास येथील निओप्रीन कारखान्याशेजारी राहणारे, बहुसंख्य कृष्णवर्णीय रहिवासी तेथून सुटणाऱ्या क्लोरोप्रीन वायूविरुद्ध वर्षानुवर्षे लढले. 2025 मध्ये तेथील उत्पादन थांबवण्यात आले. काही ब्रँड ‘चुनखडीपासून बनवलेले’ निओप्रीन पर्यावरणपूरक म्हणून विकतात, पण कच्चा माल पेट्रोलियमऐवजी चुनखडी असला तरी मधला टप्पा क्लोरोप्रीनचाच राहतो. पर्याय अस्तित्वात आहे: पॅटागोनिया या कंपनीने 2016 मध्ये नैसर्गिक रबराचे वेटसूट बाजारात आणले. शिवाय मुल्कीचे पाणी उबदार असते. तेथे मुलांना वेटसूटची गरजच नाही, अंगाला घासू न देणारा साधा लायक्राचा शर्ट पुरतो.

आईची_सही

प्रायोजक नाकारला तर ज्या मुलांच्या घरी प्रवासखर्चाचीच ओढाताण आहे, ती मुले मागे राहतील. नकार देण्याआधी याचाही विचार व्हावा.

ग्राहकवकील (अशोक स्तंभ)

‘आईची_सही’ यांचे म्हणणे मला पटते. त्यामुळे मदत स्वीकारावी, परंतु लेखी अटींवर स्वीकारावी, असे मी सुचवेन. मुलांची छायाचित्रे पालकांच्या लेखी संमतीशिवाय वापरली जाणार नाहीत, मुली प्रत्यक्ष खेळतानाच दाखवल्या जातील, आणि प्रत्येक कपड्याचा उत्पादक देश व आयातदार लेखी कळवला जाईल, हे तीन मुद्दे मी सोडणार नाही. उत्पादक देशाचा आग्रह का, तर 2016 मध्ये रिप कर्लचे काही कपडे उत्तर कोरियात शिवून त्यांवर ‘चीनमध्ये बनवलेले’ असे लेबल लावले गेल्याचे उघड झाले. कंपनीने माफी मागितली आणि उपकंत्राटदाराने परस्पर हे केल्याचे सांगितले. उपकंत्राटदाराकडे बोट दाखवून कंपनीची जबाबदारी संपत नाही, हे आपण करारातच लिहून घेतले पाहिजे.

आपल्याकडे कायद्याचाही आधार आहे. आयात केलेल्या कपड्यावर उत्पादक देश आणि आयातदाराचे नाव-पत्ता असणे बंधनकारक आहे. ‘पर्यावरणपूरक’ असा मोघम दावा पुराव्याविना करू नये, यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2024 मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जारी केली आहेत. असा दावा असलेल्या लेबलाचे छायाचित्र आणि बिल जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. मात्र मुलींना वाळूत बसवणाऱ्या पत्रकाविरुद्ध हा मार्ग फारसा उपयोगी पडणार नाही. तेथे मंडळाच्या लेटरहेडवर, पालकांच्या सह्यांनिशी, वितरकाला आणि त्याच वेळी नाममुद्रेच्या मालकाला पत्र पाठवा, आणि उत्तर येईपर्यंत ते टी-शर्ट मुलांना वाटू नका.