साक्ष देणार आहे, पण नवा पत्ता आरोपीसमोर सांगावाच लागतो का?

फौजदारी कोर्टाचा अनुभव असलेल्यांनी कृपया मदत करा.

आम्ही आधी राहायचो त्या सोसायटीसमोर एका भाजीवाल्याला जबर मारहाण झाली. मी गॅलरीतून पाहिली आणि पोलिसांना जबाब दिला. पुढे आम्ही घर बदललं, मुलीची शाळाही बदलली. आता सेशन कोर्टाचं समन्स आलंय. पोलिसांनी चौकीत बोलावून हातात दिलं. आरोपी जामिनावर आहेत. त्यांच्यातला एकजण जुन्या वॉचमनला विचारून गेला, "त्या ताई हल्ली कुठे राहतात?" धमकी दिली नाही, पण तेव्हापासून मला झोप नाही.

शपथेनंतर नाव, वय, धंदा, राहणार हे विचारतात म्हणे. तिथे नवा पत्ता सांगायचा का? उलटतपासात ऑफिस किंवा मुलीची शाळा विचारली तर?

नातेवाईक म्हणतात, "आठवत नाही म्हण आणि मोकळी हो." ते मी करणार नाही. त्या माणसाचा हात आजही नीट उचलत नाही.

प्रतिसाद :
ताई, मी सत्र न्यायालयात वकिली करतो. जुना पत्ता आरोपींकडे असणारच, दोषारोपपत्राच्या नकला त्यांना मिळतात. जपायचा आहे तो नवा. तारखेआधी सरकारी वकिलांना भेटा आणि लेखी अर्ज द्या: साक्षीत नवा पत्ता नोंदवू नये, तो बंद लिफाफ्यात कोर्टाकडे देण्याची परवानगी मिळावी. निर्णय न्यायाधीशांचा. खोटा पत्ता मात्र सांगू नका, तुम्ही शपथेवर असता.

वॉचमनकडे झालेली चौकशी तारीखवार लिहून तपास अधिकाऱ्यांना द्या. साक्षीदार संरक्षण योजना, २०१८ सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी ५ डिसेंबरला, महेंदर चावला प्रकरणात, देशभर लागू केली. या योजनेखाली संरक्षणासाठीचा अर्ज जिल्हा समितीकडे जातो, तिचे अध्यक्ष जिल्हा व सत्र न्यायाधीश असतात. पोलिसांचे एसीपी किंवा डीवायएसपी साक्षीदाराला असलेल्या धोक्याचा अहवाल देतात. साक्षीच्या वेळी आरोपी समोर येणार नाही अशी सोयही मागता येते.

शाळेबद्दल विचारलं तर घाईने उत्तर देऊ नका. न्यायाधीशांना विचारा, "साहेब, हे सांगणं बंधनकारक आहे का?" निव्वळ त्रास द्यायला किंवा अपमान करायला विचारलेला प्रश्न कोर्टाने थांबवायचा असतो. जुन्या पुरावा कायद्यात ते कलम १५२, नव्या साक्ष्य अधिनियमात १५५.

मूळ प्रश्नकर्ती :
खूप आभार. पण अर्जावरच पत्ता लिहावा लागेल ना? त्याची नक्कल आरोपीच्या वकिलाला गेली तर?

प्रतिसाद :
रास्त शंका. सरकारी वकिलांमार्फत दिलेल्या अर्जात जुना पत्ता लिहा आणि "सध्या तिथे राहत नाही" असं नमूद करा. नवा फक्त लिफाफ्यात. योजनेखालच्या अर्जाची सुनावणी बंद दालनात, गोपनीय होते. समन्सची प्रत आणि केस नंबर घेऊन आधी सरकारी वकिलांच्या कार्यालयात जा, तारखेच्या दिवसाची वाट पाहू नका.