तिरळेपणा आणि घराणं: धाकट्याला कधी दाखवायचं?

निपाणीच्या ताईंनी विचारलंय, वडील तिरळे, थोरली मुलगीही तिरळी, मग धाकट्यालाही होईल का? होईलच असं नाही. नेहमीचा तिरळेपणा एकाच जनुकामुळे येत नाही, त्यामुळे पिढ्यांचा ठोक हिशेब लागत नाही. आईवडील किंवा सख्ख्या भावंडाला असेल तर धोका इतरांपेक्षा काही पटींनी जास्त, एवढं नक्की.

बहुतेकदा वारशात येतो तो चष्म्याचा मोठा प्लस नंबर, म्हणजे दूरदृष्टी. मूल जवळचं पाहायला जोर लावतं, त्या जोराबरोबर डोळा नाकाकडे वळतो. हे साधारण २ ते ३ वर्षांच्या सुमारास दिसतं, म्हणून थोरलीच्या चष्म्याचा नंबर आणि वडिलांचा लहानपणीचा नंबर दोन्ही डॉक्टरांना सांगा.

आपल्या सीमाभागात मामाच्या मुलीशी, काही घरांत सख्ख्या भाचीशीही लग्न होतं. वर्णहीनतेसारखे (त्वचा, केस, डोळ्यांत रंग फारच कमी असणं), दोन्हीकडून सदोष जनुक आल्यावरच होणारे विकार अशा घरांत जास्त दिसतात आणि त्यांच्यासोबत तिरळेपणाही येतो. डॉक्टरांपासून नातं लपवू नका.

धाकट्याला वर्षाच्या आत एकदा दाखवा, तिसऱ्या वर्षी पुन्हा. बाहुली मोठी करणारं आणि डोळ्याचा जोर सैल करणारं औषध घालूनच नंबर काढून घ्या. नाहीतर मूल जोर लावून प्लस नंबर लपवतं आणि चष्मा कमी नंबरचा मिळतो. त्यासाठी अॅट्रोपिन मलम दिलं तर सांगितलं तेवढंच लावा. ताप आला, चेहरा लाल झाला तर थांबवून लगेच फोन करा.

४ महिन्यांनंतरही डोळा वळत असेल किंवा फोटोत बाहुली पांढरी दिसली, तर वयाची वाट पाहू नका. पांढरी बाहुली म्हणजे त्याच आठवड्यात डॉक्टर.