भोक मारायला वेगळी पटाशी? (मिरवणाऱ्यांनी आधी वाचा)

सागवानी: परवा इथे एकाने ठोकून दिलं, "मॉर्टिस चिझेल (सांध्याची चौकोनी भोकं पाडायची जाड पटाशी) म्हणजे नुसतं मिरवणं, साध्या बेव्हल एज (उतरत्या कडांच्या) पटाशीने सगळी भोकं होतात." साध्या पटाशीने मी सागाच्या चौकटीला 10 मिमीचं भोक मारत होतो. ढलपी उचकटताना टोक मोडलं. भोक तिरकं गेलं ते वेगळंच. मॉर्टिस चिझेलचं पातं जाड असतं ते उचकटायचा जोर सोसायला. बाजू चौकोनी असतात म्हणून ते भिंतींना धरून चालतं, फिरत नाही. धार 25 अंशांवर नको, 30-35 वर ठेवा. पाईनची खोकी ठोकणाऱ्यांनी सागावर बोलू नये.

शनिवारपेठी: खोकीवाला मीच. पॉल सेलर्स या ब्रिटिश सुताराने काचेला लाकूड टेकवून बेव्हल एजने भोक मारून दाखवलंय, आरपार दिसतं. तुमचं टोक मोडलं कारण तुम्ही पहारीसारखं उचकटलंत. थोडं थोडं घ्यायचं असतं हो.

सागवानी: त्याचा हात 50 वर्षं चाललाय. आपला शनिवार-रविवार.

आजोबांचा_रंधा: तुमचं चालू द्या, पण पटाशी-पटाशी काय लावलंय? आमच्याकडे भोकाच्या हत्याराला विंधणं म्हणत. असो. मी जुन्या बाजारातून शेफिल्डचं (इंग्लंडातलं हत्यारांचं गाव) जुनं, जाडजूड विंधणं घेतलं. धार लावायला एकाकडे दिलं, त्याने कोरड्या ग्राइंडरवर धरून टोक निळं करून आणलं! पाणी उतरलं, म्हणजे पोलादाचा कडकपणा गेला, आता सागाच्या पहिल्या दोन ठोक्यांत धार वळते.

शनिवारपेठी: निळं तेवढं घासून काढा, पुढे चांगलं पोलाद असतं.

आजोबांचा_रंधा: सव्वा इंच निळं आहे. घासत बसलो तर हातात मूठ उरेल.

दगडावर_धार: ग्राइंडरवाल्याला दिलंच कशाला? स्वतः करायचं, दर दोन सेकंदांनी पाण्यात बुडवायचं, बोटाला चटका बसला की थांबायचं. धार लावायला आळस, नि गप्पा शेफिल्डच्या.

आजोबांचा_रंधा: आळस? माझी बोटं संधिवाताने वाकडी झालीत.

दगडावर_धार: बरं, ते मागे घेतो. ग्राइंडरचं नाही घेत.

नवशिका_वारजे: मी काय घेऊ ते सांगाल का? पूर्ण सेट बघतोय.

सागवानी: सेट नको! लाकडाच्या जाडीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याचं भोक धरा. 18-20 मिमीच्या फळीला 6 मिमी, चौकटीला 10. नारेक्स या चेक कंपनीचं एक घ्या. रे आइल्स या इंग्लिश कारागिराचं डी2 नावाच्या चिवट पोलादाचं धार टिकवतं, पण दगडावर घासताना घाम काढतं.

शनिवारपेठी: म्हणजे हजारोंचा सेट नको, एकच हत्यार पुरतं. मी वेगळं काय म्हणत होतो? फक्त माझं घरात आधीच आहे.

सागवानी: तुमचं ते 6 मिमीचं सागात चालवून दाखवा, मी चहा पाजतो.

शनिवारपेठी: कोणी यायचं कोणाकडे? आणि साग तुमचा.

आजोबांचा_रंधा: रविवारी जुन्या बाजारात जातोय. निळं न झालेलं दिसलं तर कळवतो. विंधणं म्हणूनच विचारणार.