ऐकून घेणं इतकं अवघड का जातं?
'समोरच्याचं बोलणं पूर्ण होऊ द्या' असा सल्ला नेहमी दिला जातो, आणि तो अगदी पटतो. पण ते जमत का नाही, हेही समजून घेण्यासारखं आहे. २००९ साली १० भाषांमधल्या संभाषणांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी जेमतेम ०.२ सेकंद जातात, असं त्यात दिसलं. चित्र पाहून त्यातल्या साध्या वस्तूचं नाव उच्चारायला सुरुवात करायलाच आपल्याला सुमारे ०.६ सेकंद लागतात. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपली उत्तराची जुळवाजुळव चालू असते! त्यात वाईट काही नाही, गप्पा त्यामुळेच रंगतात. पण कुणी भीती, दुखणं, नाराजी सांगत असेल तर ही घाई नडते. तिथे एक श्वास घेऊन मगच बोलावं. बरेचदा त्या शांततेतच माणूस खरी अडचण सांगून टाकतो.

अजून एक, आनंदाच्या बातमीबद्दल. यावर फार कमी बोललं जातं. कुणी 'माझी निवड झाली' म्हणालं की नुसतं 'अभिनंदन' म्हणून थांबू नये. कधी कळलं, आधी कुणाला सांगितलं, हे विचारावं. काळजीपोटी लगेच 'पण झेपेल ना?' विचारणं मात्र कृपा करून टाळा. तेवढ्यानंही माणूस कोमेजतो हो.