विषय: उत्तर: उत्तर: यूएसडीएचं कर्ज – नकाशात घर आत की बाहेर?

अनिकेत:
मंडळी, पेनसिल्वेनियातल्या हॅरिसबर्गबाहेरचं ते घर अजून विकाऊ आहे. एजंट म्हणतो, या झिपकोडला यूएसडीएचं, म्हणजे अमेरिकेच्या कृषी खात्याच्या हमीचं, ग्रामीण घरकर्ज बसतं. त्यांच्या नकाशात मात्र अर्धाच झिपकोड रंगवलेला आहे. शुक्रवारपर्यंत ऑफर द्यायची आहे. कुणी घेतलंय का हे कर्ज?

मेधा:
झिपकोडवर अजिबात जाऊ नकोस. यूएसडीएच्या साइटवर घर नंबरासकट पूर्ण पत्ता टाक. नारिंगी छटेतली घरं अपात्र, बिनरंगाची पात्र. बरेच जण नेमकं उलटं वाचतात. आमच्या रस्त्याची एक बाजू पात्र आहे, समोरची नाही. ते पान तारखेसकट छापून लेंडरला, म्हणजे कर्ज देणाऱ्याला, पाठव आणि घर पात्र असल्याचं ऑफरआधी त्याच्याकडून लेखी घे.

शिरीषकाका:
अरे, घर पात्र ठरलं म्हणजे झालं असं नाही. घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांचं उत्पन्न धरतात, कर्जावर नाव नसलं तरी. त्या भागाच्या मध्यम उत्पन्नाच्या ११५ टक्क्यांपर्यंतच चालतं. आई तुझ्याकडेच राहतात ना आता? त्यांच्या पेन्शनचंही लेंडरच्या कानावर घाल.

वैशाली:
काका, पेन्शनचं नंतर. एच-वन बी या नोकरीच्या व्हिसावर हे कर्ज मिळतच नाही, ग्रीनकार्ड तरी हवं. नव्याने आलेल्यांना हे आधी सांगायला हवं, नाहीतर उगाच घरं बघत फिरतात.

अनिकेत:
ग्रीनकार्ड आलंय. पत्ता टाकून बघितला, बिनरंगाचा निघाला! पण घराला बोअर आणि सेप्टिक आहे.

शिरीषकाका:
मग एफएचए, म्हणजे सरकारी विम्याचं दुसरं घरकर्ज, बघ. साडेतीन टक्के भर आणि मोकळा हो.

मेधा:
काका, बोअर तिथेही तपासतात. यूएसडीएत डाउन पेमेंट शून्य आहे. सुरुवातीची १ टक्का फी कर्जातच घालता येते, पुढे वर्षाला ०.३५ टक्के. तरुण जोडप्याची बचत हातात राहते, ते महत्त्वाचं. आमच्या बोअरच्या पाण्यात कोलिफॉर्म जंतू निघाले होते. विकणाऱ्याने बोअरमध्ये क्लोरीन टाकून पाणी पुन्हा तपासून दिलं, मगच सही झाली. अनिकेत, ही अट ऑफरमध्येच लिहून घे.

कार्यकारिणी:
सर्वांना विनंती, एजंटांची नावं लिस्टवर टाकू नका. मागच्या गणपतीत काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

शिरीषकाका:
नाव कुणी टाकलंय? अनिकेत, सेप्टिक उपसून मग तपासायला सांग, भरलेल्या टाकीत भेगा दिसत नाहीत.