दिव्यांमुळे वॉरंटी नेमकी कशाची जाते?

बाइकला जास्तीचे फॉगलाइट लावले म्हणून अख्ख्या गाडीची वॉरंटी गेली, असं एका भावानं लिहिलंय. सहसा तसं नसतं. बदलामुळे जो भाग बिघडला त्याचा क्लेम अडकतो. वायर कापली तर वायरिंग, बॅटरी, स्टेटर (इंजिनातली वीज बनवणारी कॉइल) यांचा क्लेम गेला समजा. पण समोरच्या शॉकअपच्या गळतीचा त्याच्याशी काय संबंध?

आमच्याकडे यवतमाळ जिल्ह्यात ओलिताची लाइन (शेतपंपाची वीज) रात्री येते, म्हणून रात्रीच शेतात जावं लागतं, अन् पांदणीत (शेताच्या वाटेत) रोही म्हणजे नीलगाय आडवी येते. दिवे हौसेचे नाहीत, गरजेचे आहेत. मी मात्र 60 वॅटचे दोन लावले, म्हणजे 12 व्होल्टवर 10 अँपिअर! मूळ हेडलाइट 35 वॅटचा. दहाव्या महिन्यात स्टेटर जळला. वायरला दिलेला जोड पाहून कंपनीनं क्लेम नाकारला, आणि ते बरोबरच होतं.

आता कमी वॅटचे एलईडी, रिले (दिव्यांचा करंट वेगळा चालू-बंद करणारा स्विच), फ्यूज अन् कपलरचा हार्नेस (न कापता जोडायचा तयार वायरसंच) लावलाय. मूळ वायरला ब्लेड लागू दिलं नाही. सायलेन्सर बदलू नकाच, त्यात दंडही आहे.

असंबंधित भागाचा क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही.