अब्लेशननंतर स्वतःचे ठोके सतत जाणवतात, अनुभव हवे आहेत

एसव्हीटीसाठी (हृदयाचे ठोके अचानक खूप वाढण्याचा आजार) माझं अब्लेशन झालं, म्हणजे जांघेतून नळी घालून हृदयातला गडबड करणारा भाग निकामी केला. प्रोसीजर व्यवस्थित पार पडली, जांघेतली जखमही भरली. पूर्वी बसल्या बसल्या ठोके एकदम १८० च्या पुढे जायचे आणि तसेच एकदम थांबायचे. ते तेव्हापासून एकदाही झालेलं नाही, डॉक्टरांचे उपकार मानावे तेवढे थोडेच. पण आता अगदी साधे, नियमित ठोकेसुद्धा मला सारखे जाणवतात.

कामात असले की बरं असतं. रात्री डाव्या कुशीवर वळलं की उशीतून कानात ठोके ऐकू येतात. नकळत बोटं मनगटावर जातात आणि मोजणं सुरू होतं. ७८ भरले तरी वाटतं, आधी तर ६८ असायचे. मधेच एखादा ठोका चुकल्यासारखा होतो, पुढचा छातीत धपकन लागतो आणि झोप उडते ती उडतेच.

ईसीजी, टूडी एको नॉर्मल आहेत. २४ तासांच्या होल्टरमध्ये (अंगावर लावून ठोके नोंदवणारं यंत्र) तुरळक एक्टोपिक, म्हणजे वेळेआधी पडणारे, ठोके दिसले. डॉक्टरांनी नीट समजावलं: एखादा ठोका वेळेआधी पडला की त्यानंतर जरा मोठी उसंत मिळते, तेवढ्यात हृदयात रक्त जास्त भरतं, म्हणून पुढचा ठोका जोरात जाणवतो. डाव्या कुशीवर हृदय छातीच्या भिंतीला अधिक टेकतं. अब्लेशननंतर काही काळ ठोके थोडे वाढलेले राहू शकतात. शुद्ध हरपली, छातीत दुखलं, धाप लागली किंवा वाढलेले ठोके उतरेचनात, तर मात्र ताबडतोब इमर्जन्सीत यायचं. यातलं मला काहीच होत नाही.

हे सगळं पटतं, तरी रात्री धीर सुटतो. इतकी वर्षं ठोका चुकला की पाठोपाठ एपिसोड यायचा, त्यामुळे शरीर अजून त्याचीच वाट बघत असावं, असं मला वाटतं. घरचे प्रेमाने ‘लक्ष देऊ नकोस’ म्हणतात, पण लक्ष आपोआप तिकडेच जातं.

तुमच्यापैकी कुणाला असं झालं होतं का? ते हळूहळू विरलं की एखाद्या गोष्टीने फरक पडला? ठोके दाखवणारं घड्याळ काढून ठेवावं का? मला आकडा दिसला की घटकाभर बरं वाटतं, मग पुन्हा बघावंसं वाटतं. समुपदेशकाकडे कुणी गेलं असेल, तर तिथे नेमकं काय करून घेतात तेही सांगा. औषधांचं डॉक्टर बघताहेत, त्याबद्दल सल्ला नको. स्टेंट, व्हॉल्व्ह किंवा पेसमेकरनंतर हा त्रास झालेल्यांनीही जरूर लिहा.